छोट्या जागेत ट्रम्पेट हळू वाजवायचाय? म्यूट निवडण्याची आणि बसवण्याची पद्धत

कॅफे, सोसायटीचं क्लबहाउस, मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल किंवा गोव्यातलं एखादं बैठं टॅव्हर्न. अशा ठिकाणी ट्रम्पेटवाल्याला पहिल्याच गाण्यानंतर निरोप येतो : "जरा हळू." दुसऱ्या दिवशी तो दुकानात जातो आणि समोर दिसेल तो ॲल्युमिनियमचा सरळ म्यूट (ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडाला, म्हणजे बेलला, बसवायचा अडथळा) घेऊन येतो. पुढच्या कार्यक्रमाला तक्रार थांबत तर नाहीच, वर "आता तर कानात घुसतंय" अशी भर पडते.

म्यूटमध्ये दोष नसतो, निवड चुकलेली असते. म्यूट आवाज थोडा कमी करतो आणि त्याचा रंग मात्र पुष्कळ बदलतो. हळू वाजवायचं असेल तर कोणता रंग जातोय आणि कोणता उरतोय हे आधी बघावं लागतं. त्यासाठी कामाचा क्रम जागा, माइक, प्रकार, वाद्य, कॉर्क, सूर आणि शेवटी फुंक असा आहे. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात.

१. खरेदीआधी जागा ऐका

शक्य असेल तर कार्यक्रमाच्या आधी, गर्दी नसताना जागेवर जा. काचेच्या भिंती, टाइल्सची फरशी आणि कमी उंचीचं सपाट छत असेल तर आवाज सगळीकडून परत येतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. बंद, टणक खोलीत एवढा उतार मिळत नाही, म्हणून मागच्या टेबलालाही जवळजवळ पहिल्या टेबलाएवढंच ऐकू जातं. पडदे, गाद्या आणि माणसं आवाज पितात. भरलेला हॉल रिकाम्या हॉलपेक्षा मवाळ असतो, हे धरून चाला.

मग तुम्हाला जमेल तितकं हळू, म्यूटशिवाय, मधल्या पट्टीतली एक ओळ वाजवा. पहिल्या टेबलावर फोन ठेवून आवाज मोजणारं ॲप चालू करा. फोनचा आकडा खरा डेसिबल म्हणून धरू नका, पण एकाच फोनवर, एकाच जागी घेतलेल्या दोन आकड्यांमधला फरक उपयोगी पडतो. आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

तक्रार करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : आवाज मोठा आहे की टोचतोय? मोठा असेल तर एक उपाय, टोचत असेल तर दुसरा. माणसाचा कान साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि ट्रम्पेटची धारही बरीचशी तिथेच असते. त्यामुळे मीटरवर आकडा उतरलेला असूनही समोरच्या माणसाचं तोंड वाकडं होऊ शकतं.

*सावध :* म्यूट लावला म्हणून रात्रीचा नियम सुटत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गच्ची, अंगण किंवा उघडा व्हरांडा असेल तर १० च्या आत आटोपायचं.

२. माइक आहे की नाही, हे आधी पक्कं करा

पुढचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. माइक नसेल तर म्यूटमधून निघणारा आवाज एकट्यानं खोलीत पोचायला हवा. माइक असेल तर अगदी बारीक, कुजबुजता म्यूटही चालतो, कारण मोठं करायचं काम साउंडवाला करतो.

आयोजकाला फोनवर नुसतं "साउंड आहे ना?" असं विचारू नका. त्याच्या डोक्यात गायकाचा एकच माइक असतो. "ट्रम्पेटसाठी वेगळा माइक आणि वेगळा स्टँड मिळेल का?" असं विचारा.

३. प्रकार निवडा

सरळ म्यूट. शंकूसारखा, रुंद टोक बंद, बारीक टोकाला कॉर्कच्या तीन पट्ट्या. आवाज बाहेर पडतो तो या पट्ट्यांमधल्या फटींतून. खालच्या सुरांची गोलाई आत अडकते आणि वरची धार सहज निसटते. वाद्यवृंदात ही धार हवीच असते, दहा बाय बारा फुटांच्या कोपऱ्यात ती नको असते. धातूचा सगळ्यात बोचरा. पुठ्ठ्याचा किंवा फायबरचा त्यापेक्षा मऊ. हळू वाजवण्यासाठी म्हणून पहिला म्यूट घेत असाल तर हा घेऊ नका.

कप म्यूट. सरळ म्यूटच्या टोकाला वाटी बसवलेली असते आणि ती बेलच्या तोंडाला जवळजवळ झाकते. धार बरीच गळून पडते, आवाज गोल आणि थोडा दूरचा वाटतो. माइक नसलेल्या छोट्या जागेसाठी माझी पहिली पसंती हीच. त्यातही वाटी पुढेमागे सरकवता येणारा घ्या. डेनिस विक कंपनीचा सरकत्या वाटीचा कप अनेक वादकांकडे दिसतो तो याचसाठी. वाटी बेलजवळ आणली की आवाज दबतो आणि काळसर होतो, लांब नेली की मोकळा होतो. एकाच म्यूटमधून दोन-तीन जागा निभावतात. अजून दाबायचा असेल तर वाटीत पातळ फेल्टचा गोल तुकडा किंवा घडी केलेला रुमाल ठेवा.

बकेट म्यूट. डब्यासारखा, आत आवाज पिणारं मऊ भरताड. वरची धार शोषली जाते, फुंकेला अडथळा फार कमी आणि सूरही फारसा हलत नाही. तासभर मंद वाजवायचं असेल तर ओठांना हाच सगळ्यात सुखाचा. जुन्या धाटणीचा बकेट स्प्रिंगच्या क्लिपांनी बेलच्या काठाला अडकतो. तो लावायला वेळ लागतो आणि क्लिपा लॅकरवर, म्हणजे वाद्याच्या चकचकीत लेपावर, ओरखडे पाडतात. कॉर्कवर आत बसणारे नवे बकेट पटकन लागतात. वजनानं बेल खाली ओढली जाते, ती सवयीनं जमते.

हार्मन म्यूट. धातूचा, गोल पोटाचा, मधोमध सरकणारी नळी. इथे कॉर्कच्या तीन पट्ट्या नसतात, पूर्ण गोल कडं असतं, म्हणजे सगळी हवा म्यूटच्या आतूनच जाते. नळी काढून टाकली की जो पातळ, झिणझिणता, जवळून बोलल्यासारखा आवाज येतो तो जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं जगाच्या कानात बसवला. माइकला चिकटून वाजवला तर हा सुंदर वाजतो. माइक नसेल तर पियानो आणि ब्रशनं वाजवलेल्या झांजेखाली तो गडप होतो, मग वादक जोर लावतो आणि पत्रा करवादतो. माइकशिवाय हार्मन ही या यादीतली दुसरी मोठी चूक.

प्लंजर. बेसिन तुंबल्यावर वापरतात तो रबरी कप, दांडा काढून. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. हा बोलका परिणाम साधायला आहे. डावा हात त्यात अडकतो आणि वाद्याचा सगळा भार उजव्यावर येतो. आवाज कमी करण्याचं साधन म्हणून याचा विचार करू नका.

प्रॅक्टिस म्यूट. बेल जवळजवळ सीलबंद करतो. यामाहाच्या सायलेंट ब्रासमध्ये आतच माइक असतो आणि हेडफोनवर ऐकता येतं. हॉटेलच्या खोलीत किंवा स्टेजमागे ओठ गरम करायला उत्तम. पण फुंकेला अडथळा खूप असतो, खालचे सूर जागेवर राहत नाहीत आणि श्रोत्यांना चिलटाएवढा आवाज येतो. "सगळ्यात हळू तोच घेऊ" म्हणून कार्यक्रमासाठी हा घेणारे भेटतात. नका घेऊ.

टोपी. पैसे खर्च करण्याआधी हा प्रयोग कराच. लोकरीची जाडसर टोपी बेलवर सैल अडकवा. धार लगेच मंदावते, फुंक तशीच राहते. घट्ट ताणून बसवली तर सूर हलतो, म्हणून सैलच हवी. फक्त टोपीनं तक्रार मिटली तर प्रश्न धारेचा होता असं समजा, आणि मग बकेट किंवा कपकडे वळा. दिसायला विचित्र दिसते, पण जेवणाऱ्या मंडळींचं लक्ष ताटात असतं.

*तपासा :* माइक नाही आणि आवाज टोचतो, तर कप किंवा बकेट. माइक नाही आणि आवाज मोठा, तर वाटी जवळ आणलेला कप. स्वतंत्र माइक आहे, तर हार्मन किंवा कप. एकच घ्यायचा असेल तर सरकत्या वाटीचा कप.

४. तुमच्या वाद्याला तो बसेल का?

नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या बेलचा व्यास साधारण १२ सेंटिमीटरच्या थोडा पुढे असतो आणि बहुतेक म्यूट त्याच मापानं बनतात. ट्रम्पेटच्याच भावंडाची, फ्ल्यूगलहॉर्नची, बेल मोठी आणि तिचा आतला उतार वेगळा, त्यामुळे ट्रम्पेटचा म्यूट तिच्यात बसत नाही. कॉर्नेट आणि पिकोलोसाठीही वेगळे म्यूट असतात. पॉकेट ट्रम्पेटची बेल काही कंपन्या पूर्ण मापाची देतात, काही लहान. मोजून घ्या.

बँडपथकांतली बरीच वाद्यं मेरठची असतात. त्यांच्या बेलचा आतला उतार परदेशी मापाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. अशा वाद्यासाठी ऑनलाइन मागवण्याऐवजी वाद्य घेऊन दुकानात जा. सोबत ट्यूनर (सूर चढला-उतरला ते दाखवणारं यंत्र), फोन आणि एक मित्र न्या.

मित्र का? बेल तुमच्यापासून लांब तोंड करून असते. तिच्या मागून तुम्हाला जे ऐकू येतं ते समोरच्या माणसाला येत नाही, आणि ट्रम्पेटची धार सरळ रेषेत पुढे जाते. म्यूटचा निवाडा करायचा तो समोर चार-पाच पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानानं. आधी मोकळं, मग प्रत्येक म्यूट लावून तीच ओळ वाजवा. वरच्या पट्टीत पळू नका. खालचा सा किती स्पष्ट येतो ते बघा. वरचे सूर बहुतेक म्यूटमध्ये बरे येतात, लबाडी उघडी पडते खाली.

५. कॉर्क तासून बसवा

ही पायरी सर्रास वगळली जाते, आणि "म्यूट बेसूर आहे" या तक्रारींपैकी कित्येक इथेच जन्मतात. नव्या म्यूटचे कॉर्क अनेकदा मुद्दाम जाड ठेवलेले असतात, म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या बेलच्या मापानं तासावेत. न तासता लावला तर म्यूट फार बाहेर राहतो. कपची वाटी बेलपासून लांब लटकते आणि घेतलेला कप सरळ म्यूटसारखा वाजतो.

क्रम असा :

म्यूट हलक्या हातानं बसवा आणि वाटीचा काठ बेलच्या काठापासून किती दूर आहे ते बघा. ५-६ मिलिमीटरची फट ही सुरुवातीला चांगली जागा. जास्त असेल तर म्यूट बाहेर काढा. बारीक काचपेपर घ्या, साधारण १२० नंबरचा, आणि कॉर्कच्या लांबीच्या दिशेनं हलके हात फिरवा. पहिल्या पट्टीवर पाच हात मारले तर उरलेल्या दोन्हींवरही पाचच. पट्टी बारीक टोकाकडे जशी निमुळती आहे तशीच राहिली पाहिजे; मधेच खड्डा पडला तर पकड जाते. भुसा कोरड्या फडक्यानं पुसा, पुन्हा लावून बघा, पुन्हा घासा. थोडं-थोडं. कॉर्क कमी करता येतो, वाढवता येत नाही.

एक पट्टी जास्त घासली गेली तर म्यूट तिरका बसतो. एका बाजूला फट रुंद, दुसरीकडे अरुंद, आणि ठरावीक सुरावर बारीक खरखर ऐकू येते. समोरून बघितलं की तिरकेपणा लगेच दिसतो.

हार्मनचं कडं मात्र घासू नका. तिथे गळती हाच शत्रू. नळी काढा, भोकावर अंगठा दाबा आणि हळू फुंका. हवा अडली तर कडं ठीक आहे. बाजूनं फुस्स आवाज आला तर कॉर्क बदलायची वेळ झाली.

लावण्याची रीत : बेलमध्ये तोंडानं एक गरम "हाऽ" सोडा. आतल्या दमटपणानं कॉर्क धरतो. मग म्यूट आत ढकलून किंचित पिळा. ठोकायचं नाही.

*तपासा :* ट्रम्पेट गादीवर धरून बेल खाली करा आणि हलकेच हलवा. म्यूट पडला नाही तर ठीक. शांत गाण्यात धातूचा म्यूट फरशीवर पडला की आख्खा हॉल वळून बघतो, आणि पडताना तो बेलच्या काठाला पोचा पाडून जातो.

६. म्यूट लावून सूर जुळवा

सरळ आणि हार्मन म्यूटनं सूर बहुधा चढतो. कपचं ठरलेलं नाही : काही चढवतात, काही उतरवतात, आणि वाटी सरकवली की उत्तर बदलतं. म्हणून कार्यक्रमात वाटी जिथे ठेवणार तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि त्याच खुणेवर ट्यूनर लावा.

बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी दीड मीटरच्या जरा आत असते. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन्ही बाजूंनी मिळून दोन सेंटिमीटरनं लांबते आणि सूर साधारण २०-२५ सेंटनं (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरतो. म्हणजे म्यूटनं १० सेंट चढला असेल तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास ओढणं पुरे. पहिला सूर ट्यूनरकडे न बघता धरा, स्थिर झाल्यावर बघा. आधीच काट्याकडे बघितलं की ओठ आपोआप सूर दुरुस्त करतात आणि मोजमाप खोटं होतं.

एका गाण्यात मोकळं आणि म्यूट दोन्ही असेल तर स्लाइड दोन जागी न्यावी लागते. दोन्ही जागांची खूण लक्षात ठेवा आणि कागदावर म्यूट लावायच्या चार मात्रा आधी मोठ्या अक्षरात "म्यूट" लिहा. त्या चार मात्रांत सूर ठेवायचा नाही. हात मोकळा हवा. म्यूट कुठे ठेवलाय हे अंधारातही हाताला कळलं पाहिजे. खुर्चीखाली आडवा ठेवलेला घरंगळतो, स्टँडला टांगलेला होल्डर सगळ्यात बरा.

७. फुंक बदलू नका

म्यूट लावल्यावर स्वतःचा आवाज स्वतःला कमी येतो, म्हणून वादक नकळत जास्त फुंकतो. दोन गाण्यांत ओठ जड होतात आणि म्यूटनं कमी केलेला आवाज वादकानं परत भरून काढलेला असतो. पायरी १ मधला आकडा इथे काढा. त्याच टेबलावर तोच फोन ठेवा, तीच ओळ म्यूट लावून वाजवा. फरक नगण्य असेल तर म्यूट बदलण्याआधी फुंक तपासा.

हळू म्हणजे कमी हवा असं नाही. हवेचा वेग टिकवा, प्रमाण कमी करा, जीभ मऊ लावा. टूऽ ऐवजी डूऽ. घरी म्यूट लावून लांब सूर धरायचा रियाज आठवडाभर आधीपासून ठेवा. पहिल्यांदा म्यूट कार्यक्रमातच लावणाऱ्याची अवस्था पहिल्या वीस मिनिटांत कळते.

८. जागेवर

बेल सरळ माणसांवर रोखू नका. थोडी खाली, म्युझिक स्टँडच्या कडेनं, पडद्याकडे किंवा गालिच्याकडे. स्टँडचा सपाट पत्रा थेट बेलसमोर आला तर आवाज तुमच्याच तोंडावर परत येतो आणि सूर कळेनासा होतो. कोपऱ्यात पाठ लावून बसू नका. दोन भिंती मिळून खालचे सूर फुगवतात.

नळी काढलेल्या हार्मनसाठी माइक तीन-चार बोटांवर ठेवा. साउंडवाल्याला आधीच सांगा की मधल्या गाण्यात म्यूट काढणार आहात. त्यानं म्यूटसाठी माइक वर चढवलेला असतो. त्याच जागी मोकळी बेल फुंकलीत तर स्पीकर किंचाळतो. म्यूट काढलात की एक पाऊल मागे या, किंवा बेल माइकच्या बाजूला वळवा.

हार्मनमध्ये वाफेचं पाणी साठतं. मधेच गुरगुर ऐकू आली तर वाद्याच्या वॉटर कीबरोबर (पाणी काढायच्या कळीबरोबर) म्यूटही उलटा करून झटका.

९. पावसाळ्यात

कोकण-गोव्याच्या दमट हवेत कॉर्कवर बुरशी येते आणि जुना गोंद सुटतो. म्यूट ओला असताना डब्यात बंद करू नका, रात्रभर उघडा ठेवा. पट्टी सुटली तर जुना गोंद पूर्ण खरवडा आणि रबर-बेस चिकटवणी दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनाशी झाल्यावर दाबा. साधा पांढरा फेविकॉल दमटपणात पुन्हा सोडतो. पट्टी हरवली असेल तर हस्तकलेच्या दुकानातला ३ मिलिमीटरचा कॉर्क शीट कापून चालतो. मग पायरी ५ पुन्हा पहिल्यापासून करा, तिन्ही पट्ट्या सारख्या होईपर्यंत.